आधी पोती विकतो, मग येऊ दे

"सर, कोरिया लष्करानंच सुधारला ना? मग आपल्याकडंही दहा वर्षं आणून बघायला काय हरकत आहे?" कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागं आहे. आता निवृत्त झालो तरी सांगलीत चहाच्या गाड्यावर गाठतोच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

कोरियाचं खरं आहे. १९६१ साली दक्षिण कोरियात जनरल पार्क चुंग-हींनी सत्ता बळकावली आणि निर्यात वाढत गेली. पण पुढच्याच वर्षी ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारात, जनरल ने विननीही तेच केलं. दुसऱ्या महायुद्धाआधी जगाला सर्वांत जास्त तांदूळ विकणारा हा देश. बँका, व्यापार, सगळं सरकारजमा झालं. १९८७ साली २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द, बदली दमडीही नाही. नव्या आल्या ४५ आणि ९० च्या, कारण साहेबांचा नऊ आकड्यावर भरवसा! (इथं वर्ग हमखास हसायचा.)

माझे वडील हळदीच्या अडतीत होते. भाव पडला की माल हरिपूरच्या पेवात. जमिनीत खोल खड्डा, तोंड लिंपून बंद. पेव उघडलं तरी लगेच उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा, विझला तर आत हवा नाही. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली. वर्ष-दोन वर्षं हळद अशी गाडून ठेवणारा माणूस दोनच गोष्टी धरून चालतो: उघडेन तेव्हा माल माझाच असेल आणि हातात पडणारी नोट चालेल.

सत्ता रात्रीत उलटली की आधी हा भरवसा जातो. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारात पुन्हा लष्कर आलं, एटीएमपुढं रांगा लागल्या. जागतिक बँकेच्या हिशेबानं त्या वर्षी अर्थव्यवस्था सुमारे १८ टक्क्यांनी आकसली.

आणि दहा वर्षांचा करार करून कोण येतो हो? पार्क १८ वर्षं राहिले, तेही गोळी लागेपर्यंत. ने विन २६.

परवा एका अडत्यानं हाच प्रश्न काढला. विचारलं, "कोल्ड स्टोरेजला किती पोती आहेत तुमची?"

"चारशे."

"उद्या लष्कर येणार म्हटलं तर ठेवाल?"

चहाचा घोट घेत म्हणाले, "आधी विकतो की. मग येऊ दे."