मंडळीतील अग्नी आणि सावकाश माणसे

काही वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीची चिटणीस होते. त्या वेळी संडे स्कूलच्या प्रमुखपदासाठी दोन नावे पुढे आली. पहिले गृहस्थ तरुण होते. ते प्रार्थनेला उभे राहिले की सगळी मंडळी गहिवरून जात असे, आणि त्यांच्या मनात एखादी गोष्ट आली की पुढच्या रविवारी तिची सुरुवात झालेली असे. दुसरे निवृत्त शिक्षक होते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते बहुधा आठवड्याने देत, तेही मोजक्या शब्दांत. चर्चा फार लांबली नाही. “त्यांच्यात अग्नी नाही,” असे एक सभासद म्हणाले, कोणीही हरकत घेतली नाही, आणि मतदानाच्या वेळी मीही पहिल्या नावासाठी हात वर केला.

त्या निवडीचा मला पश्चात्ताप नाही. तरुण प्रमुखांनी खरोखरच चांगले काम केले. दोन वर्षांत मुलांची संख्या वाढली आणि उन्हाळी सुटीतील बायबल शाळा पुन्हा सुरू झाली. मला पश्चात्ताप आहे तो त्या एका वाक्याचा. एका माणसाच्या स्वभावाची गती आम्ही त्याच्या विश्वासाची खोली म्हणून मोजली होती, आणि ते मोजमाप चुकीचे आहे हे आमच्यापैकी एकालाही त्या दिवशी सुचले नाही.

मला तर ते सुचायलाच हवे होते, कारण मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या कथा ऐकतच मी लहानाची मोठी झाले. टिळक म्हणजे विजेसारखा माणूस. आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने दिलेला बायबलचा नवा करार वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले, आणि तेथून ते मागे फिरले नाहीत. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने आकाश कोसळले. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर आले होते. त्यांना कोणी वादात जिंकले नाही. जातिभेद देवाने केले की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनात स्वतःच्या चालीने सोडवला, सोवळे आपल्या हाताने उतरवून ठेवले, आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या नंतर पाच वर्षांनी. ही पाच वर्षे अविश्वासाची होती असे मला वाटत नाही. पतीच्या शब्दाखातर किंवा लोकलाजेखातर एकही पाऊल न टाकणारी ती बाई जेव्हा आली तेव्हा पूर्ण आली, आणि मग तिला कोणी हलवू शकले नाही. तरीही, त्या पाच वर्षांच्या मध्यावर एखाद्या पंचकमिटीने दोघांना तोलले असते, तर लक्ष्मीबाईंविषयी काय बोलले गेले असते ते मला चांगले ठाऊक आहे.

मराठी मंडळीला टिळकांच्या वेगाची गरज होती, हे मी अगदी मनापासून लिहिते. परदेशी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते गाणाऱ्या मंडळीला अभंग, भजन आणि कीर्तन यांची वाट दाखवायची, तीही आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे उघड सांगून, हे काम सावध माणसाच्या हातून झाले नसते. 1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा संघ उभा करू पाहिला, तेव्हाही पुढे कसे होणार याचा हिशेब त्यांनी केला नव्हता. आजही आमच्या उपासनेत त्यांची गीते नाहीत असा रविवार क्वचितच येतो.

मात्र त्या वेगाची किंमत घराने मोजली, हेही लिहिले पाहिजे. टिळक तापट होते, न सांगता घराबाहेर पडत, आणि हातातले पैसे समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे होत. उद्या चूल कशी पेटणार हा प्रश्न लक्ष्मीबाईंकडे राही. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत हे सारे आहे, आणि ते लपवून न ठेवताही पतीवरचे त्यांचे प्रेम ओळीओळीत दिसते. दोन्ही स्वभाव सेवेला उपयोगी पडतात असे आपण सहज म्हणतो, पण एकाच्या उत्साहाचा भार दुसऱ्याच्या धीरावर पडत असतो आणि तो भार उचलणाऱ्याचे नाव अहवालात येत नाही, ही गोष्ट मला चिटणीस म्हणून काम करताना पुन्हा पुन्हा दिसली.

9 मे 1919 रोजी टिळक वारले, तेव्हा ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत आले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या या बाईने उरलेले 64 अध्याय रचले. मला या आकड्यापाशी दर वेळी थांबावे लागते. आरंभ करायला जी प्रतिभा लागते ती टिळकांचीच होती, आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः कधी असे महाकाव्य आरंभिले असते असे मला वाटत नाही. पण रोज थोडे थोडे करत एवढे लांबचे काम शेवटाला नेणे हा लक्ष्मीबाईंचा स्वभाव होता.

आपली व्यासपीठे या बाबतीत मोठी चंचल असतात. येशूच्या पायाशी बसून ऐकणारी मरीया आणि पाहुणचाराच्या धांदलीबद्दल येशूने जिला टोकले ती तिची बहीण मार्था यांच्यावरील संदेश, म्हणजे प्रवचने, मी अगणित वेळा ऐकली आहेत, आणि त्या संदेशांत लगबगीची मार्था नेहमी कमी पडते. मात्र उपासना संपून प्रीतिभोजनाची यादी निघाली की त्याच मंडळीला मार्थाच हवी असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात येशू येत असल्याचे ऐकताच गावाबाहेर त्याला भेटायला निघते ती मार्था, घरात बसून राहते ती मरीया, आणि तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस ही कबुली त्या वाटेवर मार्थाच देते. बाराव्या अध्यायात ती पुन्हा जेवण वाढते आहे, आणि या वेळी येशू तिला काहीही म्हणत नाही. त्या दृश्यावर मी अजून एकही संदेश ऐकलेला नाही.

आमचे तरुण प्रमुख पुढे नोकरीनिमित्त दुसऱ्या शहरात गेले. जाण्यापूर्वी त्यांनी तीन वस्त्यांत घरोघरच्या प्रार्थनासभा सुरू केल्या होत्या, त्यांपैकी दोन आपोआप बंद पडल्या. तिसरी चालू आहे, हे मला गेल्या पावसाळ्यात एका आजारी बाईंना भेटायला गेले तेव्हा कळले. त्यांच्या घरात सात-आठ माणसे जमली होती, आणि निवृत्त गुरुजी कोपऱ्यात बसून हलक्या आवाजात स्तोत्र वाचत होते. त्यांच्याजवळ एक जुनी वही होती. तिच्यात प्रत्येक गुरुवारची तारीख, हजर माणसांची नावे आणि कोणासाठी प्रार्थना करायची आहे ते व्यवस्थित लिहिलेले होते. पहिली काही पाने तरुण प्रमुखांच्या घाईच्या अक्षरातली होती, आणि त्यानंतरची सगळी गुरुजींच्या.

निघताना मी त्यांना पंचकमिटीतील त्या वाक्याविषयी सांगितले आणि क्षमा मागितली. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बाई, त्या मुलाला पत्र लिहा. वही चालू आहे म्हणून कळवा, त्याला बरे वाटेल.”