एका अक्षरापायी तीन प्रुफं

गावाजवळच्या तळ्यावर आणि खाडीवर दिसणाऱ्या पक्ष्यांचा फलक लावायचं आमच्या निसर्गमंडळात ठरलं. त्यातलं सगळ्यात सोपं काम माझ्या वाट्याला आलं, नावांची यादी. फोटोवाले पहाटे चिखलात उतरणार, वर्गणीवाले दारोदार हिंडणार. मला फक्त मराठी, इंग्रजी आणि शास्त्रीय नाव असे तीन रकाने भरायचे होते. एका संध्याकाळचं काम, असं मी सांगूनही टाकलं.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरून जिल्ह्याची यादी घेतली, त्यातून आमच्याकडचे दीडशेच्या आसपास पक्षी निवडले आणि एक्सेलमध्ये इंग्रजी वर्णक्रमाने लावून प्रत्येकाला क्रमांक दिला. तोच क्रमांक फोटोखाली. पहिलं प्रूफ हातात आलं ते थेट सरांकडे नेलं. सर म्हणजे आमच्या हायस्कुलातले इंग्रजीचे निवृत्त शिक्षक.

"हे ग्रे हेरॉन कुणी लिहिलंय?"

मला वाटलं, पक्षीच चुकला. "राखी बगळाच आहे सर तो."

"बगळा बरोबर आहे गं. जी-आर-ए-वाय? वर्गात असं लिहिलं असतंस तर गुण कापले असते मी. ई घाल."

ईबर्ड चालवतं न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ. त्यामागची यादीही अमेरिकनच, जेम्स क्लेमेंट्स यांनी 1974 साली पहिल्यांदा काढलेली. त्यामुळे तिथे मुळातच ग्रे हेरॉन, ग्रे फ्रँकोलिन, ग्रे वॅगटेल, इंडियन ग्रे हॉर्नबिल ही सगळी मंडळी ए घालून बसलेली. आपल्याकडे सलीम अलींच्या पुस्तकांवर वाढलेल्या लोकांना ब्रिटिश पद्धतीची ई सवयीची. 2016 साली प्रवीण, जयपाल आणि पित्ती या पक्षी-अभ्यासकांनी भारतातल्या पक्ष्यांची जी यादी केली, तिच्यातही ईच आहे. देवनागरीत दोन्ही ग्रे सारखेच दिसतात, म्हणून मला इतके दिवस यातलं काहीच खुपलं नव्हतं.

मी थोडा वाद घालून पाहिला. ए ही काही अमेरिकनांची खोड नव्हे. जॉन्सन या इंग्रजाच्या 1755 सालच्या कोशातही पसंती एलाच दिलेली आहे. सरांनी शांतपणे विचारलं, "जॉन्सनने वर्गणी दिलीय का आपल्या फलकाला?" मग फलकाच्या तळाशी मीच लिहिलेल्या इंग्रजी सूचनेवर बोट ठेवलं. तिथे 'कलर' मी ब्रिटिश पद्धतीने यू घालून लिहिला होता. एका फलकावर दोन देश नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं. ते मला पटलं.

घरी येऊन फाइंड-रिप्लेस केलं, ए जाऊन ई. अर्ध्या मिनिटात काम झालं. क्रम बिघडलेला दिसला म्हणून यादी पुन्हा वर्णक्रमाने लावली, आणि फाईल फ्लेक्सवाल्याकडे धाडली. इथेच दोन चुका झाल्या होत्या.

पहिली आमच्या मंडळातल्या, प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलीने पकडली. "ताई, वंचकाचं शास्त्रीय नाव बदललंत की काय?" वंचक म्हणजे तळ्याकाठी पुतळ्यासारखा उभा राहणारा तो मातकट बगळा, अर्डिओला ग्रेयाय. त्यातल्या 'ग्रे'चा रंगाशी काही संबंध नाही. कर्नल साइक्सने दख्खनच्या पक्ष्यांवर काम करताना 1832 साली या बगळ्याचं वर्णन केलं आणि ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांचं नाव त्याला दिलं. अस्सल इंग्रज माणूस, पण आडनावात ए! माझ्या ईने त्याचं आडनावच बदलून टाकलं होतं. शास्त्रीय नावातलं अक्षर असं आपल्या सोयीने बदलता येत नाही. म्हटलं, फक्त पूर्ण शब्द जुळेल तिथेच बदल करू. तसं केलं तर बगळा वाचतो, पण जिल्ह्याच्या मूळ यादीतला ग्रेलॅग गूज, म्हणजे कलहंस, तसाच अमेरिकन राहतो, कारण त्याचं नाव जोडून लिहितात.

दुसरी चूक त्याहून हास्यास्पद होती. इंग्रजी वर्णक्रमात ए घातलेले ग्रे हे 'ग्रेट' आणि 'ग्रीन'च्या आधी येतात, आणि ई घातली की सगळ्यांच्या मागे जातात. त्यामुळे ग्रेट एग्रेट, ग्रेटर कूकल, ग्रीन सँडपायपर वर सरकले आणि ग्रे मंडळी खाली. फोटोंखालचे क्रमांक मात्र जुनेच होते. दुसऱ्या प्रुफात तित्तराच्या, म्हणजे ग्रे फ्रँकोलिनच्या, फोटोचा क्रमांक यादीत शोधला तर तिथे मोठा बगळा, म्हणजे ग्रेट एग्रेट उभा! धनेश, म्हणजे हॉर्नबिल, तेवढा सुखरूप होता, कारण त्याचं नाव इंडियनपासून सुरू होतं.

तिसऱ्या खेपेला त्याच मुलीने सांगितलं की ईबर्डच्या सेटिंगमध्ये पक्ष्यांच्या नावांसाठी 'इंग्लिश (इंडिया)' असा पर्याय आहे. तो निवडून यादी नव्याने उतरवली तर ई आपोआप आलेली, वंचकालाही धक्का नाही. दोन रात्री ज्यात घालवल्या ते तीन क्लिकचं काम निघालं. कुणी अशी यादी करायला घेणार असेल तर आधी ते सेटिंग बघा. आणि क्रमांक दिल्यावर क्रमवारीच्या बटणाला हात लावू नका.

एक पक्षी मात्र स्पेलिंगच्याही पलीकडचा निघाला. ज्याला ब्रिटिश ग्रे प्लव्हर म्हणतात, त्याला अमेरिकन म्हणतात ब्लॅक-बेलीड प्लव्हर. म्हणजे माझ्या पहिल्या यादीत तो ग्रे नव्हताच, आणि फाइंड-रिप्लेसला सापडण्याचाही प्रश्न नव्हता. त्याचं पोट काळं होतं ते विणीच्या पिसाऱ्यात, आणि वीण आर्क्टिकमध्ये. आमच्या खाडीवर तो थंडीत येतो तेव्हा करडा, ठिपकेदार दिसतो. सर म्हणाले, "आपल्या चिखलात कुणाला दिसलंय काळं पोट? ग्रेच ठेवा." मी ठेवलं.

मराठी रकान्यात वेगळीच गंमत. बगळा राखी, पण त्याच्या इंग्रजी नावात ग्रे. कोतवालही राखी, पण त्याच्या इंग्रजी नावात ॲशी. त्यावर सरांचं मंडळात अजून भाषण चालू आहे.

फलक लागला. एप्रिलच्या शेवटी जेट्टीवर परतीच्या तयारीतला एक ग्रे प्लव्हर दिसला, गळ्यापासून पोटापर्यंत जवळजवळ पूर्ण काळा. फोटो काढलाय. सरांना अजून दाखवलेला नाही.