आधी डॅशपॉटमधलं तेल बघा

“पिकअप घेताना अडखळते, दोन्ही कार्बोरेटर नवे टाकायला सांगितलेत.” एका एमजीबीबद्दल (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) आज ऐकलेलं हे वाक्य डोक्यातून जाईना.

अहो, आधी डॅशपॉट, म्हणजे कार्बोरेटरच्या वरचा डोम, तरी बघा! एसयू बनावटीच्या कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी हाताने फिरवली की निघते, खाली दांडीसकट डँपर, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पिस्टनला तेलाच्या जोरावर हळू वर येऊ देणारा भाग. तो परत आत सोडताना टोपी आट्यांना टेकायच्या साधारण 6 मिलिमीटर आधी हाताला विरोध लागला पाहिजे. नाही लागला तर तेल गेलंय. 20 ग्रेडचं इंजिन ऑइल घाला, थोडंसंच लागतं.

तेल नसलं की पाय दाबताच हा पिस्टन भसकन वर उडतो. हवा जास्त, पेट्रोल कमी, गाडी आचका देते.

मग डँपर काढूनच पिस्टन उचलून सोडा. खाली ‘टक्’ आवाज यायला हवा. अडकला तर पेट्रोलने पुसा. पॉलिश पेपर मुळीच नको! आणि दोन कार्बोरेटरचे पिस्टन आपसात बदलू नका, प्रत्येक जण आपापल्या डोमशी जुळवलेला असतो.

अँबॅसिडरचं 1489 सीसी इंजिनही एमजीबीसारखंच बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं. त्यावर हात बसलेले मिस्त्री तुमच्याकडे अजून आहेत का?