आईपण रक्तात असतं?

आज हळदीकुंकवात पुन्हा तेच वाक्य कानावर आलं: ‘आई व्हायची ओढ बाईच्या रक्तातच असते.’ रक्तात म्हणजे जनुकांत ना? मग उंदरांकडे बघू.

१९९६ साली फॉस-बी हे जनुक बंद केलेल्या उंदरिणी तपासल्या गेल्या. दूध येत होतं, हार्मोन्स ठीक, वासही कळत होता. तरी पिल्लं पिंजऱ्यात विखुरलेली, गारठलेली. बहुतेक एक-दोन दिवसांत मेली. चाचणी साधी: तीन पिल्लं तीन कोपऱ्यांत ठेवायची आणि आई तोंडात धरून त्यांना घरट्यात किती वेळात आणते ते मोजायचं. १९९९ मध्ये पेग-३ जनुकाचंही असंच निघालं. आणि जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची; पण याची चालू असलेली प्रत येते बापाकडून! आता बोला.

पण हे झालं पिल्लू जन्मल्यावरचं सांभाळणं. मूल ‘हवंसं वाटणं’ उंदराला कोण विचारणार? माणसांत २०१६ साली पहिल्या मुलाच्या वेळचं वय आणि मुलांची संख्या यांच्याशी जोडलेल्या डीएनएतल्या १२ जागा सापडल्या. बाराही मिळून माणसामाणसांतल्या फरकाचा १ टक्काही उलगडत नाहीत.

शिवाय न व्यालेल्या रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) मादीजवळ आठवडाभर रोज परकी पिल्लं ठेवली, तर तीही त्यांना चाटते, गोळा करते. नरसुद्धा करतो.