मागच्या रोटरचे दोन ठोके

इंजिन माझदाचं रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी दोन रोटर फिरणारं. कॉम्प्रेशन मोजताना पुढच्या रोटरचे तिन्ही ठोके ७.३ ते ७.५ च्या दरम्यान. मागच्याचे ७.२, ३.१ आणि २.८. आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरचे, स्टार्टरवर इंजिन २५० आरपीएमच्या आसपास फिरवून घेतलेले. एवढ्यावरच कळलं की मागच्या रोटरचं अपेक्स सील, म्हणजे टोकाची पट्टी, तुटलंय, आणि तेही एकच.

रोटर म्हणजे फुगीर बाजूंचा त्रिकोण. तीन बाजूंना तीन चेंबर, तीन टोकांना तीन अपेक्स सील, आणि प्रत्येक सील ही शेजारच्या दोन चेंबरांमधली भिंत. एकटंच चेंबर गळत असेल तर संशय साइड सीलवर, म्हणजे रोटरच्या सपाट बाजूवरच्या पट्टीवर जातो. शेजारचे दोन गळाले तर मधलं अपेक्स सील गेलं. तिन्ही सारखेच कमी असतील तर झीज, नाहीतर जादा पेट्रोलनं तेलाचा थर धुऊन नेलेला. साधा कॉम्प्रेशन गेज इथं हमखास फसवतो. त्यातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तिघांतला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतो, म्हणजे त्यानं ७.२ दाखवून इंजिन पास केलं असतं. तो व्हॉल्व्ह काढून काट्याच्या उड्या बघायच्या किंवा आम्ही लावतो तसा प्रेशर सेन्सर लावायचा. थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल आणि इग्निशन बंद, बॅटरी पूर्ण चार्ज. जुन्या १३बी इंजिनात आकडा ६ च्या खाली गेला किंवा चेंबरांत दीडपेक्षा जास्त फरक आला की खोलायचं.

गाडी ड्रॅग रेसची, टर्बो बसवलेली. ट्यूनिंग बेंगळुरूला झालेलं. पावसाळ्यापासून उभी होती आणि एप्रिलमधे सोलापूरच्या भर दुपारी ताणली गेली. मालकाची तक्रार अशी की इंजिन गरम झालं की स्टार्ट होत नाही आणि आयडलला धपधप करतं.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत अशी कामं रोज येत नाहीत. शेजारच्या लेथवाल्यांनी इंजिनाला एक फेरी मारली आणि विचारलं, "ओ, हेड कुठंय याचं?" हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, कॅमशाफ्टही नाही. ज्या सोलापुरातून कॅमशाफ्ट परदेशी जातात, तिथं हे ऐकून कुणाचाही चेहरा पडणारच.

खोलताना आधी फ्लायव्हीलचा ५४ मिलिमीटरचा नट. लॉकिंग लिक्विड लावलेलं असतं, त्यामुळे गरम केल्याशिवाय हलत नाही. मग पुढची पुली, फ्रंट कव्हर, थ्रस्ट बेअरिंग. हे काढलं त्याच क्रमानं मांडून ठेवायचं. आरपार गेलेले लांब टेन्शन बोल्ट एका दमात सोडायचे नाहीत, थोडे थोडे, फिरून फिरून सैल करायचे. मागची लोखंडी प्लेट उचलली की रोटर हाऊसिंग सरळ वर घ्यायचं, आणि घेताना सील खाली पडू द्यायची नाहीत. कुठलं सील कुठल्या खाचेतलं हे हरवलं तर निम्मा पुरावा गेला.

मागच्या रोटरवर एका टोकाचं सील मधोमध तडकलेलं, त्याचा कोपऱ्याचा छोटा तुकडा गायब. एक्झॉस्ट पोर्टपाशी हाऊसिंगच्या क्रोमवर ओरखडे. तुकडा त्याच पोर्टातून बाहेर पडून टर्बोच्या टर्बाइनवर आदळला होता, पात्यांच्या कडा दातरल्या होत्या. रोटरी इंजिन सील गिळत नाही, टर्बोवर थुंकतं. त्यामुळे अपेक्स सील गेलं की टर्बो न उघडता गाडी परत देऊ नये.

सील तुटण्याचं कारण म्हणजे नॉकिंग. रोटरीचं चेंबर लांबट आणि पातळ असतं. ज्योत एका टोकाकडून सरकत जाते आणि रोटरच्या मागच्या कोपऱ्यातलं मिश्रण शेवटपर्यंत जळायचं राहतं. म्हणून तर लीडिंग आणि ट्रेलिंग असे दोन स्पार्क प्लग लागतात. तेवढ्यात ते मिश्रण आपोआप पेटलं, तर हादरा थेट सीलवर बसतो. पिस्टन असे काही झटके सहन करतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीची पट्टी करत नाही.

पण नॉकिंग मागच्याच रोटरला का? इंजेक्टर बेंचवर लावले. मागच्या रोटरचा सेकंडरी इंजेक्टर इतरांच्या जवळजवळ तीन चतुर्थांशच पेट्रोल देत होता; त्याची जाळी तपकिरी चिकट थरानं बुजली होती. या गाडीचा ऑइल मीटरिंग पंप, म्हणजे सीलना थोडं थोडं तेल पुरवणारा पंप, काढून टाकलेला, म्हणून सीलच्या वंगणासाठी टू-स्ट्रोक तेल पेट्रोलमधेच मिसळलं जायचं, लिटरला १० मिली. टाकी तशीच भरून गाडी महिनोन् महिने उभी राहिली, पेट्रोलचा हलका भाग उडाला, उरला तो राळेसारखा गाळ. सेकंडरी इंजेक्टर बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढल्यावरच कामाला लागतात, त्यामुळे आयडलला काहीच जाणवलं नसणार. वर चाळिशीपार गेलेली हवा इंटरकूलरमधे. पेट्रोल-इग्निशनचा मॅप बेंगळुरूच्या हवेचा. एका जोराच्या धावेत खेळ आटोपला.

मालकांचं म्हणणं, "नाजूकच आहे हो हे, काढून सहा सिलिंडरचं टाकू का?" मला हे पटत नाही. १९९१ साली माझदा ७८७बी नं ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली, चार रोटरच्या २.६ लिटर इंजिनावर, ३६२ फेऱ्या मारून. जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो चालक. ताकद सुमारे ७०० अश्वशक्ती, ९००० आरपीएमला. पण त्या इंजिनाला टर्बो नव्हता, प्रत्येक रोटरला तीन प्लग होते, अपेक्स सील सिरॅमिकची होती, आणि इनटेक पाइपांची लांबी चालू इंजिनात बदलत होती. नियमानं गाडीचं वजन फक्त ८३० किलो ठेवायची सवलतही मिळाली होती, हेही सांगायला हवं. एकसारख्या भाराखाली रोटरी तासन् तास पळतं. बूस्टमधला एक कोरडा क्षण मात्र त्याला पुरतो.

फायदे खरेच आहेत. रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन होतात, म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक पॉवर स्ट्रोक. म्हणूनच १३०८ सीसीचं १३बी मोठ्या इंजिनांच्या पंगतीला बसतं, आणि म्हणूनच रेसिंगच्या नियमांत त्याची सीसी दुपटीच्या आसपास धरतात. वर-खाली जाणारं काही नाही, त्यामुळे आरपीएम इतक्या गुपचूप चढतात की माझदाला टॅकोमीटरसोबत बझर द्यावा लागला. किंमत पेट्रोलमधे मोजावी लागते. आणि एक्झॉस्ट इतका तापतो की शेजारची वायर, होज सगळं झाकावं लागतं.

दुरुस्तीत सगळ्यात जाच क्रोमचा. पिस्टन इंजिन असतं तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला असता, सोलापुरात ते काम कुठंही होतं. इथं ओरखडा खोल गेला की हाऊसिंगच नवं. रोटर वाचला: खाचेत नवं सील घालून फिलर गेजनं मापलं, ०.०८ मिलिमीटर. ०.१५ च्या वर गेलं असतं तर तोही भंगारात. लोखंडी प्लेटा ०.०४ च्या आत सपाट निघाल्या. जोडताना टेन्शन बोल्ट टप्प्याटप्प्यानं ३.२ ते ३.९ किलो-मीटरवर, शाफ्टचा एंड-प्ले, म्हणजे मागेपुढे सरकायची मोकळीक, डायल गेजनं ०.०४ ते ०.०७ मधे, जास्त आला की स्पेसर बदलायचा.

गाडी देताना दोनच अटी घातल्या. पहिले हजार किलोमीटर बूस्ट नाही. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून, लाइनमधून साधं पेट्रोल फिरवून, मगच कव्हर घालायचं.