व्हॅनिलाची वडी

दुपारी न्हाणीत गेले तर साबणाच्या डबीत चहात बुडवून काढल्यासारखी एक तपकिरी वडी. पंधरा दिवसांपूर्वी हीच वडी दुधासारखी पांढरी होती. नागपूरच्या इतवारी बाजारातून सोप बेस आणून पोट्टीने घरी साबण केला आणि माझ्या केकच्या कपाटातला व्हॅनिला इसेन्स त्यात ओतला.

"सडला का गं तुझा साबण?"

"नाही गं आई, इसेन्समधल्या व्हॅनिलिनने तसंच होते. इंटरनेटवर लिहून आहे."

आधी वाचायचं होतं ना मग! पण मी गप्प बसले, कारण बाटल्यांच्या बाबतीत आमचं घर कधीच सोवळं नव्हतं. मे महिन्यात आई कूलरच्या टाकीत खसच्या इसेन्सचे दोन थेंब टाकायची. बाटली तीच, सरबताची. पाहुण्यांना ग्लासात जे मिळायचं, तेच कूलरच्या ताट्यांतून अंगावरही यायचं. वरून वीज गेली की दोन्ही कोमट.

मला मात्र वास आला की चव लागतेच. स्ट्रॉबेरीचं खोडरबर मी चावलंय. लिप बाम ओठावर टिकत नाही, पोटात जातो. केळ्याच्या गोळीला नेलपॉलिशचा वास येतो म्हणून मी ती गोळी खात नाही, आणि घरात यावरून माझी टिंगल होते.

संत्र्याचं वेगळं. आजी अंबियाच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या बहाराच्या, संत्र्यांची सालं गच्चीवर सुपात वाळवायची. कडकडीत झाली की खलबत्त्यात कुटून, बेसन-हळद-साय घालून आमच्या तोंडाला फासायची. ओली सालं मात्र आमची. ती चिमटीत दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत उडवायची, हा हिवाळ्यातला मुख्य उद्योग. एकदा डिसेंबरात भावाच्या वाढदिवसाला मी ते फवारे फुग्यांवर सोडले. फट्! मग दुसरा. तिसऱ्याला आजी आली आणि माझ्या पाठीत फट् झालं. "पोट्टी आहे का भूत!"

सालीतल्या तेलाने रबर विरघळतं, हे कॉलेजात कळलं. त्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. तेलकटपणाही ते काढतं, म्हणून ओटा पुसायच्या बाटलीत असतं. म्हणजे ओटा खऱ्या संत्र्याने पुसायचा, आणि संत्र्याच्या शहरात लग्नाच्या मांडवात प्यायला काय, तर साखर, पिवळा रंग आणि इसेन्स. यावर मला काहीतरी फार मोठं सुचलं होतं. कुकरची शिट्टी झाली आणि गेलं.

तेवढ्यात दिराचा फोन, संध्याकाळी येतो म्हणून. केक लावला. अंडी फेटली, मैदा चाळला आणि इसेन्सची बाटली उलटी केली तर एक थेंब निघेना. तळाशी नुसता वास.

"सगळी ओतली?"

"रेसिपीत एक चमचा होता. मला कमी वाटला."

मग वेलची घातली. दीर म्हणाले, "वहिनी, शिरा छान झाला, पण जरा कोरडा आहे."

रात्री साबण नाकाशी नेऊन पाहिला. व्हॅनिला नावालाही नाही. मुंग्याही फिरकल्या नव्हत्या.

जिभेचं टोक लावून पाहिलंच. कडू.