आमची वाटचाल : डिझेल-जेवणापासून रात्रीच्या मुक्कामापर्यंत

जळगावात आम्ही सहली काढायला सुरुवात केली ती गाडी आणि जेवण एवढ्यावरच. पाटणादेवी, मनुदेवी, उनपदेव, पाल ही ठरलेली ठिकाणं, सकाळी निघून दिवेलागणीला परत. गिऱ्हाइकाचा जवळजवळ सगळा पैसा डिझेलवर आणि पंगतीवर जायचा. हिवाळ्यात भरीत-पार्टी हवीच: दहा माणसांना पाच किलो वांगी, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) जाळ आणि कळण्याच्या पुऱ्या.

२०२०च्या टाळेबंदीनंतर विचारणा बदलली. "रात्री राहता येईल का?" हा प्रश्न कुटुंबं विचारू लागली, भिशीचे महिलांचे गट विचारू लागले. आज आमच्या बिलात गाडीपेक्षा मुक्कामाची रक्कम मोठी असते. महिलांच्या गटाचा पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा असतो आणि तो रास्तच आहे. दहाजणींमागे एक आडोशाचा तंबू, आत खुर्चीची बैठक, खाली खड्डा, शेजारी मातीची बादली आणि खुरपं. खड्डा ओढ्या-विहिरीपासून किमान ६० मीटर लांब. ही सोय नीट असेल तर जास्तीच्या पैशांवरून कोणी घासाघीस करत नाही.

यावल, गौताळा, अनेर ही अभयारण्यं आहेत. परवानगीशिवाय तिथे तंबू ठोकता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरचं, पीक निघालेलं शेत भाड्याने घेतो. मालकाला जागेचे पैसे मिळतात, घरच्या बायकांना भाकरीचे वेगळे. या खर्चातला हा वाटा आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो.

तंबू आम्ही भाड्याने देतो. लोक ते विकत का घेत नाहीत? मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेल्यावर इथे कोणी बाहेर झोपत नाही. जुलै ते फेब्रुवारी धरले तर साधारण ३५ शनिवार हाती येतात, त्यातले सणावारात आणि मुसळधार पावसात कितीतरी जातात. त्यामुळे लोक बूट आणि पाठपिशवी स्वतःची घेतात, तंबू मात्र भाड्याने. आमच्या मते ते बरोबर करतात.

तंबू गळतो ही तक्रार सगळ्यात जास्त येते. बऱ्याचदा तो गळत नसतोच. खिडक्या बंद केल्या की श्वासातली वाफ आतून कापडावर साचते आणि थेंब पडतात. वरची झडप चार बोटं उघडी ठेवली तरी फरक पडतो. दुसरं कारण खालची ताडपत्री. ती तंबूच्या तळाबाहेर डोकावली की पावसाचं पाणी झेलून आत घेते, म्हणून चारही बाजूंनी ती ५ ते १० सेंटिमीटर लहानच हवी. ओल्या काळ्या मातीत खुंट्या धरत नाहीत. तिथे लांब खुंट्या वापरून दोरीला वर धोंडा ठेवावा लागतो.

तोरणमाळ हजार मीटरपेक्षा उंच आहे. डिसेंबरात जळगावची सवयीची चादर तिथे पुरत नाही. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातला 'कम्फर्ट'चा आकडा पाहावा. सगळ्यात खालचा आकडा जेमतेम जीव तगण्याचा असतो. आणि खाली मॅट नसेल तर बॅग कितीही चांगली असली तरी गारठा जमिनीतून येतोच, कारण अंगाखाली दबलेलं बॅगेतलं भरण ऊब धरत नाही.

भाड्याच्या तंबूची कमाई तो परत आल्यानंतरच्या दोन दिवसांवर ठरते. ओला तसाच पिशवीत राहिला तर बुरशीचे काळे ठिपके येतात, ते जात नाहीत. कडक उन्हात वाळवला तर कापड विरतं. म्हणून सावलीत, दोरीवर उलटा. पत्र्याच्या गोदामात उन्हाळाभर ठेवलेल्या मालाचा आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटले. आता सगळा माल तळमजल्यावरच्या खोलीत, घडी न घालता सैल ठेवतो. फायबरचे दांडे जोडाजवळ उभे चिरतात. बोटाने चाचपताना कुसळ टोचलं की १५ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी त्यावर सरकवून दोन्ही टोकांना चिकटपट्टी. ही सगळी कामं मे महिन्यात उरकतो, जूनमध्ये पहिली नोंदणी येण्याआधी.